नासपतीचा पाव कोणी कापायचा

२८ सप्टेंबर

शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर होते, एक हात फांदीला, दुसरा नासपतीला, आणि खाली गेर्लिंडची गाडी येऊन थांबली. उतरायला वेळ नव्हता. म्हणून उतरलेच नाही. पानांत पाय आखडून गप्प राहिले. पोरगी दाराशी गेली, हाक मारली, खिडकीतून आत डोकावली. मग झाडाकडे न बघताच म्हणाली, "आई, तुझे मोजे दिसताहेत."

लाल मोजे. चूक माझीच.

उतरल्यावर बोलणी खाल्ली. मार्चमध्ये तळघराच्या पायऱ्यांवरून पडले, मनगट मोडलं — ते सगळं पुन्हा ऐकलं. माझं वय ऐकलं, जसं काही मला ते नवीन आहे. मग मुद्दा आला. लिंत्स शहरात, तिच्याच इमारतीत, तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होताहेत. समोर औषधांचं दुकान. बाल्कनी. मी विचारलं, बाल्कनीत नासपतीचं झाड मावेल का. ती म्हणाली, तेच तर, या झाडापायीच तू एक दिवस मान मोडून घेणार.

मी म्हणाले, झाड मी आवरू शकते. सगळं. एकही फळ गवतात सडू देणार नाही. तोडीन, शिजवीन, वाळवीन, बरण्या भरीन.

"एकटीनं?"

"एकटीनं."

हा शेवटचा शब्द बोलायला नको होता. आयुष्यभर मुलांच्या निबंधांतले जास्तीचे शब्द खोडले, आणि स्वतःच्या तोंडातला एक खोडता आला नाही.

ठरलं ते असं. नाताळला ती आणि तिचा नवरा फाल्क येतील, तळघर बघतील. नासपती मार्गी लागलेली असली तर लिंत्सचा विषय कायमचा बंद. नसली तर जानेवारीत मी सामान बांधायचं. हातात हात देऊन ठरलं. जाताना तिनं शिडी गाडीच्या टपावर बांधून नेली!

३० सप्टेंबर

झाड यंदा वेड्यासारखं लागलंय. मुद्दामच असावं.

२ ऑक्टोबर

खाली पडलेली फळं गोळा केली. मार लागलेली एकीकडे, धड दुसरीकडे. मार लागलेल्यांचा रस काढून मोठ्या पातेल्यात आटवत ठेवला. सकाळी पाण्यासारखा होता, संध्याकाळी काकवीसारखा झाला. पातेलंभर रसाची जेमतेम एक बरणी. ढवळून खांदा गेला. बाकीच्या फळांच्या फोडी करून लवंग घातलेल्या पाकात भरल्या. गुडघा म्हणतो, बस. त्याला म्हटलं, तू करारात नव्हतास.

वरच्या फांद्या तशाच. शिडी लिंत्सला.

४ ऑक्टोबर

एगिडकडे शिडी मागायला गेले. एगिड म्हणजे रस्त्यापलीकडचा. विधुर. डुकरं पाळतो. त्याला एकाच कानानं ऐकू येतं, आणि आपण बोलताना तो नेमका दुसरा पुढे करतो. शाळेत आम्ही एका वर्गात होतो. तेव्हाही तो असाच.

शिडी द्यायला तयार नाही. म्हणाला, "शिडी देतो, तू पडतेस, मग गेर्लिंड मला विचारणार. त्यापेक्षा मीच चढतो. मी पडलो तर मला विचारणारं कोणी नाही."

मी त्याला करार सांगितला. एकटीनं, हा शब्दही सांगितला. त्यानं डुकरांपुढे बादली ओतली. मग म्हणाला, त्याच्या घरामागचं वाळवणघरही, फळं वाळवायची भट्टी, लागेलच की तुला. या बाजूला आता ते एकच पेटतं, हे खरं. मी म्हणाले, लागेल. तो म्हणाला, मग शिडीचं काय एवढं.

एगिड हा माणूस धरायचा की अवजार, हे करारात कुठंच म्हटलेलं नाही. मी अवजार धरलं आहे.

७ ऑक्टोबर

गेर्लिंडचा फोन. मी झाडाखाली चादर धरून उभी, एगिड वर शेंड्याला. फांदी हलली आणि त्यानं जी शिवी दिली ती पार लिंत्सपर्यंत पोचली.

"कोण आहे तिकडे?"

रेडिओ, मी म्हणाले.

"रेडिओ तुला बुर्गी म्हणतोय?"

जुनं नाटक लागलंय, म्हणाले. नायिकेचं नाव तेच आहे. पुढचं वाक्य एगिडनं फारच मोठ्यानं म्हटलं, त्यावरून नाटक वाईट आहे हे तिला पटलं.

१२ ऑक्टोबर

सगळी फळं उतरली. शेंड्यावर दोन-चार पाखरांसाठी ठेवायची असतात, ती ठेवली. बाकीची माळ्यावर पेंढ्यात, देठ वर करून, एकमेकींना टेकणार नाहीत अशी आढी लावली. आता हात लावायचा नाही. त्या आपल्या आपण आतून तपकिरी आणि मऊ होतील. मग वाळवणघर. घाई केली तर लाकूड, उशीर केला तर चिखल.

माळ्याचा जिना एगिडनं चढउतार केला. मी खालून सूचना दिल्या. सूचना देणं हे कष्टाचंच काम आहे.

१६ ऑक्टोबर

आज एक तरुण गृहस्थ आले. चकचकीत बूट. गेर्लिंडताईंनी फक्त बघून यायला सांगितलंय, म्हणाले. घर. फक्त बघून. भिंतींवर बोटांनी टकटक करत फिरले. खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचं कौतुक केलं, जसं काही ती मी विकतेय. तळघराच्या दाराशी वाकून म्हणाले, ओल आहे.

म्हणजे कराराचा निकाल लागायच्या आधीच पोरीनं एक पाय पुढं टाकलाय!

मी त्यांना बसवलं. आढीतून एक नासपती आणली, धुतली, छान पिवळी, ताटलीत ठेवून दिली. आमच्या झाडाची, म्हणाले. आमची नासपती अशी कच्ची कोणी खात नाही. हे इथल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. गृहस्थांनी मोठा घास घेतला. मग त्यांचं तोंड आत ओढलं जाऊ लागलं. गाल, ओठ, सगळं. जीभ टाळ्याला चिकटली असावी. काहीतरी विचारायचं होतं त्यांना, पण स्वर फक्त नाकातून येत होते. मी विचारलं, छपराबद्दल काही विचारायचं होतं का? त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. पाणी प्यायले. पाण्यानं ते वाढतं.

गाडीपर्यंत पोचवायला गेले. सभ्यपणा सोडू नये.

१७ ऑक्टोबर

गेर्लिंडचा फोन. तो माणूस आजारी पडला का, विचारत होती. मी म्हणाले, तळघरात ओल आहे, बाधली असेल.

२३ ऑक्टोबर

आढी बघितली. बोटानं दाबलं. अजून नाही.

३० ऑक्टोबर

देठाजवळ मऊ. वास आलाय — मध, आणि थोडी जुनी दारू. एगिडला सांगितलं, सर्व संतांच्या दिवसानंतर लगेच भट्टी पेटव. तो म्हणाला, लाकडं फोडून ठेवलीत, तू हुकूम दे.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस. गेर्लिंड आणि फाल्क काल रात्रीपासून इथं. सकाळी ती आणि मी दफनभूमीत गेलो. माझ्या नवऱ्याच्या, आन्सेल्मच्या थडग्यावर दिवा लावला, शेवंती ठेवली. फाल्कला सर्दी, तो घरी राहिला.

फाल्क व्हिएन्नाचा. भला माणूस. भल्या माणसांची मला भीती वाटते.

परतलो. गेर्लिंड क्रेसेंझशी बोलत फाटकात थांबली. क्रेसेंझ म्हणजे आमच्या चर्चची घंटा वाजवणारी. घंटेपेक्षा लांब ऐकू जाते. मी आत आले तर फाल्क बाह्या दुमडून उभा, केसांत पेंढा.

"सासूबाई, एक आनंदाची बातमी. तुमचा माळा साफ केला."

मी बसले.

तो सांगत होता. वर सगळी फळं सडून गेली होती. तपकिरी, मऊ, बोट घातलं तर आत जायचं. तुम्हाला गुडघ्यामुळं वर जाता आलं नसणार. मला फार वाईट वाटलं. उंदीर झाले असते. पेंढा जाळला.

फळं?

"टाकली नाहीत हं! वाया कशाला घालवायची? पलीकडच्या त्या काकांच्या डुकरांना दिली. हातगाडीनं, चांगल्या पाच-सहा खेपा."

काका काय म्हणाले?

"काहीच नाही. टोपी काढली."

त्याचा चेहरा असा होता की त्याला रागावणं म्हणजे गाईला रागावणं. मी म्हणाले, छान केलंस. केकचा मोठा तुकडा दिला. आणि म्हणाले, गेर्लिंडला यातलं काही सांगू नकोस, आईला माळा साफ ठेवता येत नाही असं म्हणेल. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. आमचं गुपित! गेर्लिंड आत आली तेव्हा आम्ही दोघं केक खात होतो. ती म्हणाली, किती छान जमतं तुमचं.

उरलेला दिवस खिडकीपाशी न जाता काढला. पलीकडून डुकरांचा आवाज येत होता. खूष होती.

लिंत्सच्या बाल्कनीत काय ठेवता येईल याचा विचार केला. तुळशीएवढी रोपं. एक खुर्ची.

२ नोव्हेंबर

ते दोघं गेले. गाडी वळणाआड जाताच रस्ता ओलांडला. कोट न घालता.

एगिड डुकरांच्या कुंपणाशी. मी विचारलं, संपलं का सगळं? त्यानं चुकीचा कान पुढं केला. मी दुसऱ्या बाजूला गेले आणि तेच पुन्हा म्हणाले.

तो म्हणाला, पहिली खेप डुकरांच्या पोटात गेली, ते कबूल. तेव्हा तो गोठ्यात होता. दुसरी खेप आली तेव्हा बाहेर आला आणि बघितलं. त्या पोराला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. त्याला वाटलं असतं आपण सडक्या फळांसाठी भांडतोय. टोपी काढून उभा राहिला आणि प्रत्येक खेप उतरवून घेतली.

मग मला वाळवणघराकडे नेलं. धूर निघत होता. आत फळ्याफळ्यांवर माझ्या नासपती, देठ वर करून, एकमेकींना न टेकता.

"डुकरांना घातल्या असत्या तर तू मला उकडलं असतंस," तो म्हणाला.

मी रडले नाही. धूर फार होता.

५ नोव्हेंबर

वाळवणघर दिवसभर राखावं लागतं. आच चढली की दार उघडायचं, उतरली की एक ओंडका. आम्ही दाराबाहेर बाकावर बसतो, पत्ते खेळतो. तो लबाडी करतो. मीही. त्यामुळं खेळ सरळ होतो.

काल तो बसल्या बसल्या पेंगला आणि सगळ्यात खालची फळी करपली. कोळसे. आम्ही दोघांनी ते वाळवणघरामागं खड्डा करून पुरले. वर पानं टाकली. कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. कोणाला सांगणार होतो, देव जाणे.

फळं उलटताना तो प्रत्येकीशी काहीतरी बोलतो. ऐकलं नाही असं दाखवलं.

८ नोव्हेंबर

विचारलं, तुझी बायको, त्सीटा, गेल्यावर एवढं मोठं घर कशाला ठेवलंस? म्हणाला, डुकरांना सवय झालीय. मग भट्टीत एक ओंडका सारून म्हणाला, मलाही. मग पत्ते वाटले.

११ नोव्हेंबर

संत मार्टिनचा दिवस. नासपती झाल्या. काळपट, सुरकुतलेल्या, चामड्यासारख्या, आत मात्र गोड. पोती भरून तळघरात. कमी आहेत, डुकरांनी आणि कोळशानं आपापला वाटा नेला. पण आहेत.

गेर्लिंडला फोटो हवा होता. बरण्यांची पहिली रांग भरलेली, मागच्या रांगेत रिकाम्या बरण्या उलट्या ठेवल्या. फोटोत तळघर भरलेलं दिसलं पाहिजे. एगिडनं फोटो काढला. त्याचा अंगठा कोपऱ्यात आला. पुन्हा काढायला लावला.

१४ डिसेंबर

पाव. वाळलेल्या नासपती काल भिजत घातल्या होत्या, आज चिरल्या. अक्रोड, बेदाणे, बडीशेप, दालचिनी, थोडी दारू, थोडी मला. वरून राय धान्याच्या पिठाचं पातळ पांघरूण. चार पाव. दोन घरी, एक चर्चला, एक एगिडला. आता हे महिनोन्महिने टिकतात. उलट मुरतात.

१९ डिसेंबर

रस्त्यावर काच झालीय, इतका बर्फ. क्रेसेंझ काठी टेकत जात होती. तिच्या हाती एगिडचा पाव पाठवला. पांढऱ्या फडक्यात बांधून. उपकार फेडले.

२० डिसेंबर

क्रेसेंझ आली. बसली. कोट काढला नाही, म्हणजे बातमी मोठी. म्हणाली, पाव बघून एगिड खालीच बसला. तिनं विचारलं, काय झालं? तो म्हणाला, कापलेला नाही. तिनं त्याला पाणी दिलं.

आणि मला तेव्हा समजलं मी काय केलंय.

आमच्याकडे नासपतीचा पाव शेजारी पाठवताना आधी एक काप काढून ठेवतात. एवढासा. कारण अख्खा पाव, सुरी न लागलेला, बाईकडून एकट्या माणसाला जातो तो एकाच अर्थानं, लग्नाच्या. मग त्यानं नाताळच्या दुसऱ्या दिवशी, संत स्टेफानच्या दिवशी, तो पाव आणि सुरी घेऊन तिच्या घरी यायचं, तिच्या टेबलावर कापायचा. टोक तिनं त्याला दिलं की झालं. पुढच्या वर्षीचा पाव ती त्याच्या घरच्या भट्टीत भाजते. आन्सेल्मनं माझा पाव कापला तेव्हा अंगठाही कापून घेतला होता.

हे सगळं मला न कळत्या वयापासून माहीत आहे. चर्चच्या पावाचा काप काढला होता. एगिडच्या पावाचा का नाही काढला? घाई. बर्फ. एकाहत्तराव्या वर्षी हे नियम आपल्याला लागत नाहीत असं मी धरून चालले होते.

"कोणाला सांगितलंस, क्रेसेंझ?"

"कोणालाच नाही. फक्त बेकरीत."

२१ डिसेंबर

खुलासा करायला त्याच्याकडे गेले. दार लावलेलं. आतून रंगाचा वास येत होता, ताज्या रंगाचा. एकदा वाजवलं. त्याच्या वाईट कानाची बाजू असावी. दुसऱ्यांदा वाजवलं नाही.

का नाही, ते आज लिहीत नाही.

२२ डिसेंबर

चर्चमध्ये मिस्सेला गेले तर माझ्या बाकावरच्या बायका सरकून बसल्या. एवढी जागा मला कधी मिळाली नव्हती. पाद्रीसुद्धा हसला. एगिड पुरुषांच्या बाजूला, दाढी नुकती केलेली, कानापाशी कापलेलं. मान वळवली नाही. मीही नाही.

२४ डिसेंबर

दोघं आली. कोट काढायच्या आधी तळघर! गेर्लिंड बरण्यांपुढून चालली, झाकणं दाबून बघत. उलट्या बरण्या मी कालच काढून टाकल्या होत्या. पोत्यात हात घातला, वास घेतला. मग ती एकटी एका पायरीवर बसली आणि म्हणाली, "जमलं तुला."

फाल्कनं एक वाळकी नासपती उचलली. देठ बघितला. माझ्याकडे बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. त्याला कळलं.

"हे सगळं एकटीनं?" गेर्लिंडनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मी थोडी मदत केली. सर्व संतांच्या दिवशी. पाच-सहा खेपा."

भल्या माणसांबद्दल मी जे लिहिलंय त्यात दुरुस्ती करायला हवी. नंतर.

लिंत्सचा विषय बंद. ती तसं म्हणाली. मी दोनदा म्हणायला लावलं.

२५ डिसेंबर

झोप छान लागली. माझी खिडकी, माझी टेकडी. गेर्लिंड दुपारी बेकरीपर्यंत चालून आली आणि तेव्हापासून माझ्याकडे बघून हसतेय. काही विचारत नाही. हे वाईट आहे.

२६ डिसेंबर

स्टेफानचा दिवस. जेवणं होऊन कॉफी ओतत होते तोच दार वाजलं. एगिड. त्सीटाच्या वेळचा काळा कोट, टोपी, एका हातात पांढऱ्या फडक्यातला पाव, दुसऱ्या हातात सुरी. सुरी रुमालात गुंडाळलेली. बूट दारात काढले. मोज्याला भोक होतं, ते त्यानं दुसऱ्या पायानं झाकलं.

गेर्लिंडनं त्याला खुर्ची दिली. ती आधीच ओढून ठेवलेली होती.

पाव टेबलावर. फाल्कला वाटलं कॉफीबरोबर खायचाय, तो ताटल्या मांडू लागला. गेर्लिंडनं त्याचा हात दाबला.

मी एगिडच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसले. विचारलं, कापल्यावर काय? सगळं नीट समजलं पाहिजे. चूक झाली तर पहिल्या ओळीत सापडावी.

तो म्हणाला, कापल्यावर तू तिकडे. वरची मोठी खोली रंगवलीय. पिवळी. ऊन येतं. खिडकीतून तुझं झाड दिसतं.

मला वाटतं गेर्लिंड एवढ्याचीच वाट बघत होती. बोलायला लागली ती थांबेना. किती चांगलं, एगिडकाका, तुमच्याकडे गरम पाण्याची सोय खालीच आहे, पायऱ्या नाहीत, रात्री कोणी जवळ असेल. मला लिंत्सहून धावत यायला नको. आणि हे घर मग बंद ठेवण्यापेक्षा — तो माणूस पुन्हा बघून जाईल, मी विचारलंय त्याला —

म्हणजे असं. लिंत्सच्या दारानं नेता आलं नाही, तर एगिडच्या दारानं. आणि या वेळी सगळे आनंदात. एगिडही मान हलवत होता. बिचाऱ्याला अर्धं ऐकू येत होतं.

त्यानं रुमाल सोडला, सुरी हातात घेतली. मी ती सुरी त्याच्या हातातून घेतली.

पाव मी कापला. सरळ, एका दमात. टोक उचललं आणि खाल्लं. सगळ्यांसमोर, सावकाश. पाव उत्तम झाला होता.

"मला हे घर सोडायचं नाही, एगिड," मी म्हणाले. "तुला नाही म्हणत नाही. घराला हो म्हणतेय."

चांगल्या कानाच्या बाजूनंच म्हणाले. ऐकलं त्यानं.

दुसरा काप त्याच्या ताटलीत ठेवला. त्यानं तो बघितला, खाल्ला नाही. उठला, सगळ्यांना नमस्कार केला, बूट घातले. सुरी विसरून गेला. फाल्क म्हणाला, मी नेऊन देऊ का? गेर्लिंड आणि मी एकदमच म्हणालो, "नको."

नंतर ती भांडी विसळत म्हणाली, "आई, तू फार आडमुठी आहेस." मी म्हणाले, हो. ती म्हणाली, तो रडेल आता. संध्याकाळी पलीकडे खिडकीत दिवा होता. भट्टीचा धूरही होता. सणाच्या दिवशी कोण भट्टी लावतं? मला वाटलं, डुकरांसाठी काही उकडत असेल.

ताटलीतला तो काप मी झाकून ठेवला. फेकवेना.

२७ डिसेंबर

सकाळी दार उघडलं. पायरीवर पाव. वाकडा, खालून करपलेला, नासपती न भिजवताच घातलेल्या, देठांसकट. सुरी लागलेली नाही. एगिड फाटकापाशी उभा, टोपी हातात, केसांत पीठ. म्हणाला, डुकरं तिकडेच राहतील, मी इकडे. मी आत जाऊन सुरी घेऊन आले. काप सरळ आला नाही.